थोरलीचा आवाज

९ फेब्रुवारी

बेबी,

तुझी एक वेणी घालून झाली होती आणि दुसरी माझ्या हातात होती. गॅसवर दूध, स्टुलावर तापत ठेवलेली इस्त्री, तुझ्या डब्याचं झाकण सापडत नव्हतं, आणि बाबा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरत होते. तू आरशात बघत होतीस. मी रिबिनीची गाठ मारायला घेतली तेव्हा तू आरशालाच म्हणालीस, "मला आईचा चेहरा आठवतो. आवाज आठवतच नाही." तेवढ्यात दूध उतू गेलं. मी धावले, गॅस बंद केला, ओटा पुसला. परत आले तर तू दप्तर घेऊन जिना उतरत होतीस, एक वेणी सुटीच.

तुझी आई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती आणि मी या घरात नवीनच होते. तू हे विसरली असशील. मी विसरले नाही. 

आज लिहायचं कारण असं. बाबांना जाऊन वर्ष झालं. त्यांचं कपाट मी इतके दिवस नुसतं उघडून बंद करत होते. गेल्या आठवड्यात लोकरीचे कपडे उन्हात घालायला काढले, तर सगळ्यात वरच्या फळीवर, पार मागे, एका स्वेटरात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट निघाली. वर तुझ्या काकाच्या अक्षरात 'दादाचं घर' एवढंच लिहिलेलं. काकाला परदेशात फोन लावला. तो म्हणाला, "हो वहिनी, त्यात वहिनी आहे." मग स्वतःच गडबडला. "म्हणजे थोरली वहिनी. मी नवा कॅमेरा घेऊन आलो होतो त्या सुट्टीत. चांगली बोलते त्यात." दुसरी प्रत त्याच्याकडे नाही. हीच एक.

ही कॅसेट बाबांनी का लपवली ते मला माहीत नाही. लपवली म्हणजे मागे ठेवली. स्वेटरात गुंडाळली होती म्हणजे जपलीच होती.

आता असल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतात. त्यासाठी एक छोटी डबी मिळते, ती मी मागवली आहे. उतरलं की तुला पाठवीन. तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच, की हे पत्र न वाचता ठेवू नकोस.

मावशी


२१ फेब्रुवारी

बेबी,

अजून जमलेलं नाही. तू वाट बघत असशील की नाही कोण जाणे, पण बघत असलीस तर उशीर का होतोय ते कळावं म्हणून लिहिते.

कॅसेट चालवायचं मशीन शेजारच्या नर्सबाईंच्या भावाकडे माळ्यावर पडलं होतं. त्याच्या मागे पिवळं, लाल, पांढरं अशी तीन भोकं. पिवळ्यातून चित्र जातं, बाकी दोन्हीतून आवाज. तिन्ही वायरी डबीत येतात आणि डबीची शेपटी कॉम्प्युटरमध्ये. ऐकायला सोपं आहे. तीन दिवस मी निळा पडदा बघत बसले. निळा म्हणजे नुसता निळा, पाटी पुसून ठेवल्यासारखा.

डबीबरोबर एक घडीचा कागद होता. तुला माहीतच आहे, छापलेलं काही हातात आलं की मी वाचल्याशिवाय सोडत नाही. शाळा सातवीत सुटली तेव्हापासूनची खोड. पण हा कागद लिहिणाऱ्याने, वाचणाऱ्याला सगळं आधीच येतं असं धरून लिहिलाय. मी डिक्शनरी घेऊन बसले. शेवटी कळलं की चित्र कुठल्या वाटेने येणार ते कॉम्प्युटरला आपण सांगायचं असतं. दोन वाटा असतात आणि तो आपल्या मनाने दुसरीकडेच डोळे लावून बसला होता. ती वाट बदलली, निळं गेलं.

मग काळं-पांढरं आलं, तेही सरकत. चित्राचं डोकं वर, पाय खाली, मध्ये पट्टा, पुन्हा पाय वर. नर्सबाई चहाला आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, हा तर एक्स-रे आहे. हाड मोडलंय याचं." त्यांची ड्यूटी रात्रीची, त्यामुळे दुपारी त्यांना झोप नसते आणि मला गिऱ्हाईक मिळतं. मी म्हटलं, "तुम्ही बघा, तुम्ही शिकलेल्या." तर म्हणाल्या, "मी माणसांना सुया टोचते, वायरींना नाही."

प्रत्येक देशाची चित्र पाठवायची पद्धत वेगळी असते, असं कागदात एका ओळीत आहे. यादीतून एकेक निवडून बघायचं. तिसऱ्याला रंग आला. रंग आला आणि चित्र अडखळायला लागलं, उचकी लागल्यासारखं. आता तिथे गाडी अडली आहे. दर वेळी कॅसेट सुरुवातीचं थोडंसंच चालवते आणि थांबवते. जुनी आहे, उगाच झिजायला नको.

त्या थोड्या वेळात एक खिडकी दिसते, तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल, आणि कॅमेरा वळतो तेव्हा कोणाचं तरी कोपर. कोपर कुणाचं ते मी ओळखलं नाही. मी तिला प्रत्यक्ष कधी पाहिलंच नाही ना.

बाबा असते तर त्यांनी पहिल्या दिवशीच डबी परत केली असती. निळा पडदा बघून म्हणाले असते, "नाही होत तर नाही होत, सोड." ते 'सोड' मला अजून ऐकू येतं. मी काही सोडलेलं नाही.

मावशी


२ मार्च

बेबी,

झालं. सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात एकच फाइल आहे.

उचकीचं कारण साधं होतं. डबी मी कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात लावत होते, मागच्या भोकात लावायला हवी होती. पुढच्याला जोर पुरत नाही. काल दुपारी मागे लावली, कॅसेट पूर्ण मागे गुंडाळली आणि सुरू केली.

ती खिडकीपाशी उभी आहे, मग ओट्यापाशी येते. तू तिच्या पायात घोटाळतेस, हातात चमचा. ती तुझ्याकडे न बघताच तुझं नाक पुसते. मग कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागते, बराच वेळ, हात हलवत. मी तिचा एकच फोटो पाहिला होता, बाबांच्या पाकिटात मागच्या कप्प्यात असायचा तो. त्यात ती गंभीर आहे. तशी ती अजिबात नव्हती, असं दिसतंय.

तिचं बोलणं मी ऐकलेलं नाही. रेकॉर्डिंग चालू असताना या डबीतून आवाज बाहेर येत नाही, तो आतल्या आत जातो, असं कागदात आहे. नंतर फाइल लावून बघितली ती स्पीकर बंद करून. चित्र शेवटपर्यंत नीट आहे की नाही, एवढंच पाहायचं होतं. तिचा आवाज आधी तू ऐकायचास. इतक्या वर्षांनी तो मी आधी ऐकायचा, हे मला बरं वाटेना.

पेन ड्राइव्ह कापसात गुंडाळला आहे. पोचल्याचं कळव, एका शब्दात चालेल.

मावशी


११ मार्च

बेबी,

तुझा मेसेज आला. "आई बोलते तेव्हा तुमचा आवाज येतो. हे मुद्दाम केलंय का?" एवढाच.

मी तो उभ्याने वाचला आणि मग बसले. 'तुमचा' वाचून आधी वाटलं, दुसऱ्या कोणाचा मेसेज चुकून मला आला.

मुद्दाम नाही. मी माझ्याकडची फाइल आता स्पीकर लावून ऐकली. तू ऐकलंस तेच मी ऐकलं. ती तोंड उघडते आणि मी बोलते. तिचे ओठ हलतात आणि माझा खोकला येतो. तुला काय वाटलं असेल ते मला कळलं. ज्या माणसाने तुझ्या आईला घरातून पुसून टाकलं असं तू समजतेस, त्याच माणसाचा आवाज तिच्या तोंडी. कोणीही मुद्दामच म्हणेल.

झालं ते असं. कॉम्प्युटरवर जो छोटा कॅमेरा चिकटवलेला आहे ना, बाबांनी काकाशी बोलायला आणलेला, त्याला स्वतःचा कान आहे. कॉम्प्युटरने चित्र डबीतून घेतलं आणि आवाज त्या कानातून. म्हणजे खोलीतला. रेकॉर्डिंग चालू असताना मी इथे जे जे बोलले ते सगळं तिच्या तोंडात जाऊन बसलं. मी आवाज लावून तपासलं असतं तर पाठवण्याआधीच कळलं असतं. तो मान तुझा म्हणून मी स्पीकर बंद ठेवला, आणि तिथेच फसले.

मी एकटी असले की बोलते. कोणाशीही, फ्रिजशीसुद्धा. त्या दुपारी तिच्याशी बोलले. "किती बारीक गं तू, जेवत होतीस की नाही," "मागे गॅस चालू आहे, हात भाजेल," असलं काहीबाही. मग नर्सबाई आल्या.

"कोण हो ही?"

"आमच्या घरातली थोरली."

"थोरली म्हणजे? अगंबाई! ही ती?"

"'ती' मी, मागून आलेली. ही पहिल्यापासूनची."

इथपर्यंत तू ऐकलं असशील. यापुढे काही नाही, आम्हा दोघींच्या रिकाम्या गप्पा आहेत, भांड्यांचे आवाज आहेत. तिथून पुढे ऐकू नकोस, बंद कर. खरं तर ती फाइल पुसूनच टाक.

आता खरी अडचण. कॅसेट पुन्हा लावायला गेले तर मशीनने टेप ओढून आत गुंतवली. मी लगेच बंद केलं, झाकण उघडून हळूहळू सोडवली, पेन्सिल घालून गुंडाळली. एका जागी सुरकुती पडली आहे. दुरुस्तीवाल्यांकडे मशीन आणि कॅसेट दोन्ही नेलं. त्यांनी मशीनचं रबर बदललं. कॅसेट उजेडात धरून म्हणाले, "बाई, हिचा थर सुटायला लागलाय. एकदा चालेल. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

म्हणजे आता एकदाच. तिचा आवाज आला तर आला, नाही तर गेला तो कायमचा. हे मी माझ्या मनाने करणार नाही. एकदा केलं आणि काय झालं ते तू ऐकलंस. तू सांग. कॅसेट तशीच पाठवू का? तुझ्या ओळखीचं कोणी शहाणं माणूस असेल, मोठ्या दुकानात देशील. की मी लावू? तुझं उत्तर येईपर्यंत मी तिला हात लावत नाही. स्वेटरात गुंडाळून ठेवली आहे, होती तशी.

मावशी


२४ मार्च

बेबी,

तुझा फोन ठेवला तेव्हा कुकर लावलेला नव्हता. तू विचारलंस, "मावशी, ते खरं आहे?" आणि मी कुकर उतरवते म्हणून ठेवून दिला. तू समजलीच असशील. तोंडाने बोलणं मला जमलं नाही, कागदावर बघते.

ऐकू नकोस म्हटलं की माणूस ऐकणारच, हे मला कळायला हवं होतं. काल मीही तो भाग ऐकला. नर्सबाई विचारतात, "मग भिंतीवर हिचा एकही फोटो कसा नाही? तुम्ही काढलेत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"जिन्यातले सगळेच."

"म्हणू दे. मी आले तेव्हा भिंतीवर नुसते खिळे होते. मी म्हटलं, लावा की परत, पोरीची आई आहे ती. तर म्हणाले, मला बघवत नाही."

"मग पोरीला तसं सांगायचं!"

"पोरीला त्यांनी सांगितलं, मावशीला आवडत नाही."

"आणि तुम्ही तोंडात मूग गिळून बसलात?"

"काय करू? आई गेलेली. बापही तसला आहे असं सांगू तिला? मला ती मावशी म्हणत होती. मावशी वाईट असली तर चालतं हो."

नंतर बराच वेळ बशा वाजतात आणि पडद्यावर तुझी आई हसत असते.

तर हो, ते खरं आहे. तू विचारलंस म्हणून सांगितलं, नाही तर हे मी माझ्याबरोबर घेऊन गेले असते. पण आता एवढं ऐकलंस तर पुढचंही ऐक. बाबा खोटं बोलले ते तुला फसवायला नाही. त्यांना तिचं नावसुद्धा घेता यायचं नाही. एकदा मी कपाट आवरताना तिची कंगव्याची पेटी निघाली, तर ते जेवता जेवता उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि ताट तसंच राहिलं. तू घर सोडून गेलीस, त्यांना ऑफिसच्या खाली भेटायला लागलीस. प्रत्येक भेटीनंतर ते घरी येऊन म्हणायचे, "आज सांगणार होतो तिला." मी म्हणायचे, "पुढच्या वेळी सांगा." अशा पुढच्या वेळा करता करता ते गेले. मी त्यांच्यावर रागावले नव्हते असं नाही. रागावले होते, पुष्कळ वर्षं. मग तो राग जुना झाला आणि आम्हीही जुने झालो. आता संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की अजून मी चहाचं आधण वाढवते.

त्यांच्यावर तू काय रागवायचं ते रागव. फक्त ते वाईट होते असं म्हणू नकोस, निदान माझ्यासमोर.

आता कॅसेट. तू म्हणालीस, "तूच लाव. आणि आवाज चालू ठेव, ऐकत बस." दोनदा म्हणालीस. म्हणून लावली.

आधी कॉम्प्युटरवरचा छोटा कॅमेरा उपटून खणात टाकला. मग काकाने कधीकाळी टीव्हीवरून उतरवलेली एक क्रिकेट मॅच होती, ती कॅसेट लावून तपासलं. आवाज येईना. कान काढला तर आता कॉम्प्युटर बहिराच झाला. पुन्हा यादी, पुन्हा डिक्शनरी. आवाजासाठीही डबीचं नाव वेगळं निवडावं लागतं, चित्राला निवडलं म्हणजे झालं असं नाही. ते निवडलं आणि एक हिरवी पट्टी वरखाली नाचायला लागली; रेकॉर्ड होता होता ऐकायची खूण वेगळी असते, तीही केली तेव्हा टाळ्या ऐकू आल्या. थोडं रेकॉर्ड केलं, लावून ऐकलं. पुन्हा केलं, पुन्हा ऐकलं. नर्सबाईंना म्हटलं, आज येऊ नका. दाराची कडी घातली. पंखा बंद केला. त्याची आता गरज नव्हती, तरी केला.

बुधवारी दुपारी लावली.

मला वाटायचं तिचा आवाज गोड, बारीक असेल. तसा नाही. जाडसर आहे, जरा घोगरा, आणि घाईचा. वाक्याचा शेवट गिळून टाकते. काका म्हणतो, "वहिनी, काहीतरी बोला ना." ती म्हणते, "काय बोलू? मीठ संपलंय, हे बोलू?" मग म्हणते, "मला काय दाखवतोस, पोरीला दाखव, मी काय कुठे पळून जातेय." आणि कॅमेऱ्याच्या मागून बाबा हसतात.

ते तिथे असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चित्रात ते कुठेच नाहीत. मी तो आवाज ओळखला आणि टेबलाची कड धरली. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं मोकळं हसताना ऐकलं नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. आणि बरंही वाटलं, की हा माणूस एकदा तरी असा हसला होता. जास्त काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी तोंडावर हात ठेवून बसले होते, माझा आवाज आता कुठेच जाणार नव्हता तरी.

सुरकुतीच्या जागी खरखर झाली, चित्र वाकडं झालं, पण निभावलं. शेवटाकडे मात्र आवाज पातळ व्हायला लागला. मग मशीन ओरडलं आणि थांबलं. टेप तुटली होती. कडा दोऱ्यासारख्या सुटल्या आहेत, ती आता जोडता येणार नाही. पण तोवरचं सगळं उतरलं. मी लावून ऐकलं, पूर्ण, स्पीकर मोठा करून.

एक गोष्ट सांगायची राहिली. टेप तुटायच्या थोडं आधी तू चमचा घेऊन गॅलरीत पळतेस आणि ती तुला हाक मारते. बेबी म्हणून नाही. बेबी हे बाबांचं. ती वेगळंच नाव घेते. या घरात ते नाव मी कधी ऐकलं नाही, बाबांनी कधी घेतलं नाही, काकालाही विचारलं, त्याला आठवत नाही. ती ते नाव घेते आणि तू बाहेरून "आले" म्हणतेस.

ते नाव मी इथे लिहीत नाही. मला ते आता माहीत आहे, एवढंच. ते तू तिच्याकडूनच ऐक.

दुसऱ्या दिवशी ती फाइल नव्या पेन ड्राइव्हवर घालून मी पोस्टात गेले, रांगेत उभी राहिले आणि पार्सल रजिस्टर करून आले; हे पत्र त्याच्या मागून येतंय.

मावशी